डबी बसवायला वीस मिनिटं, गाडी तपासायला दोन तास : आमची वाटचाल

माझे वडील पंपाचे मिस्त्री. बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या गाळ्यात ते डिझेल पंप खोलायचे. गाडी चढाला दम टाकते म्हणून कुणी आलं की सील तोडून डिझेलचा स्क्रू पाव फेरा फिरवून द्यायचे. पाव फेराच. मालकानं कितीही गळ घातली तरी त्यापुढे त्यांचा पाना जात नसे. "आणि फिरवला तर नुसता धूर निघंल," एवढंच बोलायचे.

मग कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, रेलमधून, जोरदार दाबाचं डिझेल मिळायला लागलं, आणि तो स्क्रूच गेला. पंप, इंजेक्टर, टर्बो, सगळा कारभार ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हाती गेला. मी कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि पहिली दोन वर्षं हप्ते भरण्यापुरतंच काम मिळालं. मग पिकअपवाले यायला लागले. रात्री भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जाणारे, चंदगडहून काजू आणणारे, निपाणीकडून तवंदी घाट चढून येणारे. प्रश्न सगळ्यांचा एकच : "चिप टाकून देता काय ओ?"

गाडीची ताकद वाढवणाऱ्या या वस्तूला लोक चिप म्हणतात, आम्ही डबी म्हणतो. काडेपेटीहून जरा मोठी असते. रेलवर प्रेशर सेन्सर असतो, त्याला तीन तारा : 5 व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. सेन्सरचं कपलर काढायचं आणि मध्ये ही डबी जोडायची. रेलमध्ये खरा दाब 1,300 बार असेल तर डबी ईसीयूला समजा 1,200 सांगते. दाब कमी पडला असं समजून ईसीयू पंपाकडून आणखी मागतो. इंजेक्टर उघडा राहतो तेवढाच वेळ, पण दाब वाढल्यामुळे डिझेल जास्त जातं आणि चढाला गाडी उचलते. वडिलांचा स्क्रू आणि ही डबी, काम एकच. त्यांना हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पाव फेरा कुठं थांबतो ते कोण बघतं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

ते उत्तर एका पावसाळ्यात मिळालं. गोव्याहून बेळगावच्या बाजारात मासळी आणणाऱ्या एका मामांच्या पिकअपला आम्ही डबी बसवली. सेटिंग मधलं ठेवलं. रिकाम्या गाडीची चक्कर मारून मामा खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांचा फोन आला, "मिस्त्री, गाडी रेस होत्या खरं पुढं जाईना." केरीच्या वर, घाटाच्या ऐन वळणावर, मागे बर्फातल्या पेट्या आणि वरून पाऊस. मी पोचलो तेव्हा पूर्ण गाडीला जळक्या क्लच प्लेटचा वास होता आणि मागच्या फळीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं. क्लच आधीच झिजलेला होता. तो मी तपासला नव्हता. वाढलेली ताकद त्याला पेलली नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत निम्मा माल गेला. क्लचचा आणि मासळीचा पैसा आम्ही दिला, तीन हप्त्यांत. मामा एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

तेव्हापासून डबी बसवायला वीस मिनिटं आणि त्याआधी तपासणीला दोन तास, हा आमचा नियम आहे. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे होज म्हणजे हवेचे पाइप, इंजेक्टरचं लीक-ऑफ म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, मग क्लच. क्लच बघायला जांबोटी रस्त्याच्या चढावर वरच्या गियरमध्ये कमी वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबतो. आरपीएम वर चढले आणि वेग तिथंच राहिला, तर डबी कपाटातच राहते.

बसवताना चावी बंद करून ईसीयू झोपेपर्यंत थांबतो, मगच कपलर सोडवतो. हाय प्रेशर पाइपला हात लावायची गरजच नसते, कुणी लावत असेल तर तिथून गाडी काढून आणावी. डबी बॅटरीच्या बाजूला, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर बांधतो, वायर कंड्युइटमधून नेतो. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात कपलरचं रबर सील जरा जरी दुमडलं तरी पाणी आत जातं आणि चेक लाइट लागतो.

एक गोष्ट मी पोरांकडून घोकून घेतली आहे : डबी बसल्यावर स्कॅनरवर दिसणारं रेल प्रेशर खरं नसतं. डबी जे सांगते तेच स्कॅनर वाचतो. खरं बघायचं तर सेन्सरच्या बाजूच्या सिग्नल तारेवर मीटर लावावा लागतो. सेटिंग सगळ्यात खालचं ठेवतो आणि भरलेल्या गाडीनिशी घाट चढून बघतो. काळा धूर दिसला की तिथंच उतरवतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम आला. या गाड्यांच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि जादा डिझेलनं तो भराभर तुंबतो. त्या गाड्यांना आम्ही डबी बसवत नाही. जुन्या गाडीच्या मालकालाही आधी समोर बसवून घेऊन सगळं सांगतो : वॉरंटी नाकारली जाऊ शकते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, आणि गाडी मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. हे ऐकून बरेच जण परत जातात. जाऊ देत.

राहतात त्यांतल्या बहुतेकांना डबी लागतच नाही. मागच्या महिन्यात चंदगडच्या एका पोरानं पैसे हातात धरूनच गाडी आणली. टर्बोच्या होजला घडीच्या आत बोटभर चीर होती, वरून दिसत नव्हती. होज बदलला, फिल्टर बदलले आणि त्यालाच गाडी चालवायला दिली. परत येऊन त्यानं विचारलं, "चिप कधी टाकलासा?"

मासळीच्या मामांनी नवा क्लच वर्षभर चालवल्यावर पुन्हा डबी मागितली. त्या दिवशी वडील गाळ्यावर बसले होते. मी खालचंच सेटिंग ठेवलं आणि मीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवून आकडा बघितला, मान हलवली आणि मामांना म्हणाले, "पाव फेरा हाय. जावा आता."