सायकल मिसिंग मारायला लागली

वडिलांची काळी सायकल, बावीस इंची. मागच्या कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवायच्या कड्या अजून तशाच आहेत. २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखलीतल्या आमच्या गोठ्यात ती पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, बेअरिंगा बदलल्या आणि परत चालू केली. दोन वर्षांमागं डोक्यात काय किडा शिरला कुणास ठाऊक, तिला इंजिन बसवलं. ऑनलाइन मिळतं ते टू-स्ट्रोक किट. इंजिन फ्रेमच्या तिकोनात लटकवायचं, मागच्या चाकाच्या तारांना रबरी चकत्यांमध्ये धरून मोठं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आवळायचं, चेन घालायची, की झालं.

आई म्हणाली, "तुझ्या बापानं ह्या सायकलीला उभ्या जन्मात पेट्रोल पाजलं न्हाई."

विकणारा ८० सीसी म्हणून विकतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीस वर्षं लेथवर उभा आहे, मापाचा व्हर्नियर लावल्याशिवाय कुणावर विश्वास बसत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४७ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३८. घनफळ काढलं तर ६६ सीसी भरतं. आणि मोटार वाहन कायद्यातनं सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच्या गाडीला, त्यामुळं ही सायकल डांबरी रस्त्यावर मी काढत नाही. घर ते नदीकडची मोटर, आमच्याच बांधावरनं दीड किलोमीटर. शेतीची लाइट रात्री अकराला आली की उठून जायचं, मोटर चालू करून यायचं. तेवढ्यापुरती ती लई गुणाची.

गेल्या पावसाळ्यानंतर तिनं त्रास द्यायला सुरुवात केली. थंड असताना ठीक. गरम झाली की उभ्या जागी आपोआप रेस वाढायची, मध्येच खाली पडायची, परत वाढायची. आणि चालवताना अर्ध्या थ्रॉटलला फट्-फट्-फट् करून मिसिंग, म्हणजे मध्येच पेट्रोल पेटायचं चुकायचं. पुढं झटके, पिकअप नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला, रात्रीचा अंधार, त्यात ही अशी खोकत चालली की कुत्री पण मागं लागायची नाहीत, उभी राहून बघायची.

आता कुणालाही विचारा, उत्तर एकच. कार्बोरेटर साफ कर. चहाच्या टपरीवरचा पण तेच सांगतो. केला साफ. जेट काढून हवा मारली, फ्लोट हलवून बघितला, वाटीत तळाला चिमूटभर गाळ होता तो पुसला. दोन दिवस बरी वाटली, तिसऱ्या दिवशी मूळपदावर.

मग प्लग. किटबरोबर आलेला प्लग मी पहिल्याच महिन्यात फेकून एनजीकेचा बी६एचएस घातला होता. काढून बघितला तर टोक पांढरं, खडूसारखं. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. म्हणून कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलते, पेट्रोल वाढतं. उभ्या जागची रेस जरा दबली. खूश झालो. आणखी एक खाच खाली घेतली. आता चालवताना मिसिंग दुप्पट, आणि प्लग काढला तर काजळीनं ओला काळा. म्हणजे पेट्रोल जास्त. एकाच इंजिनात एका आठवड्यात पांढरा पण आणि काळा पण! लेथवर असं होत नाही. तिथं माप चुकलं तर एकाच बाजूला चुकतं.

ठिणगीची कॉइल मीटरनं तपासली, साडेतीनशे ओहमच्या आसपास, चांगली. सायलेन्सर उघडला, आत बोटाला लागेल एवढीच काजळी. ऑइलचं प्रमाण तर मी लिटरला ४० मिलीच टाकतो, लेकीच्या खोकल्याच्या औषधाच्या मापानं.

मग संशय पेट्रोलवर गेला. पंपावर आता मिळतं ते ई-२०, शंभरात वीस इथेनॉल. आमच्या जिल्ह्यात ऊस किती आणि कारखाने किती हे काय सांगायला नको. आपणच घातलेला ऊस मळीतनं, रसातनं फिरून आपल्याच टाकीत आला म्हणायचा. इथेनॉल पाणी ओढतं, हे खरं. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं आणि वर नुसतं पेट्रोल राहतं. म्हणून एक रविवार त्यात घालवला. काचेच्या उभ्या बाटलीत शंभर मिली पेट्रोल, त्यात वीस मिली पाणी, झाकण लावून हलवलं आणि कट्ट्यावर ठेवून दिलं. दहा मिनिटांत खालचा थर वीसाचा जवळजवळ चाळीस झाला. पाण्यानं सगळं इथेनॉल आपल्याकडं ओढून घेतलं. लेकीनं मोबाइलवर शूटिंग केलं. बघायला मजा आली, पण सिद्ध एवढंच झालं की पेट्रोल पंपावरनं जसं यायला पाहिजे तसंच आलंय. टाकीतलं पेट्रोल दुसऱ्या बाटलीत नुसतं तासभर ठेवलं तर तळाला कसलाच थर नाही. पेट्रोल निर्दोष सुटलं.

शेवटी सायकल ढकलत आबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. आबांचं वय पंच्याहत्तर असेल. गावात सायकलीच किती राहिल्यात, पण दुकान उघडतात. इंजिनातलं त्यांना काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्यासमोर मी पंधरा मिनिटं कथा सांगितली. प्लग पांढरा, प्लग काळा, सुई वर, सुई खाली. ते एका ट्यूबला कानस मारत बसले होते. सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि विचारलं,

"हवा कुठनं घेत्यय म्हणालास?"

"कार्बोरेटरमधनं."

"आनि दुसरीकडनं घेत न्हाई, हे तू बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

"आरं लेका, ट्यूब कुठं गळत्यय बघायला आमी घमेल्यात पाणी घेतो. मग तुझ्या इंजनानं काय पाप केलंय?"

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची पेटी म्हणजे पंपच. कार्बोरेटरमधनं आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी त्या पेटीत जातं, तिथनं वर. त्या वाटेवर कुठल्याही जोडाला केसाएवढी फट असली की इंजिन तिथनं फुकटची हवा ओढतं. थ्रॉटल बंद असताना कार्बोरेटरमधनं मुळातच थोडी हवा येते, त्यामुळं चोरून आलेल्या हवेचा हिस्सा मोठा होतो. म्हणून उभ्या जागी रेस चढते, प्लग पांढरा. मी काय केलं, तर त्या चोरीची भरपाई सुई उचलून पेट्रोलनं केली. थ्रॉटल उघडल्यावर चोरीचा हिस्सा कमी होतो, पण माझं जादाचं पेट्रोल तसंच. म्हणून मिसिंग दुप्पट, प्लग काळा. दोन्ही प्लग खरंच बोलत होते. आणि ऑइल पेट्रोलातनंच येतं, तेव्हा पेट्रोल कमी म्हणजे वंगण पण कमी. तसंच चालवत राहिलो असतो तर एखाद्या रात्री बांधावर पिस्टन जाम झाला असता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेथवर एक जुना प्लग धरला. आतली पांढरी चिनीमाती ठोकून काढली, भोक साफ केलं आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह पितळेनं झाळला. प्लगचे आटे तेच, चौदा मिलिमीटर, सव्वाचा पिच, त्यामुळं हेडमध्ये सरळ बसतो. शेजारच्या मशीनवरचा पोरगा विचारत होता, मामा, ह्याच्यात आता हवा भरणार काय? व्हय, म्हटलं.

संध्याकाळी आबांच्या दुकानात कार्बोरेटर काढला. इनटेकच्या, म्हणजे कार्बोरेटरमधनं सिलिंडरकडं जाणाऱ्या, नळीच्या तोंडाला ट्यूबचा तुकडा लावून क्लिपनं आवळला. सायलेन्सर उतरवून त्या जागी रबर आणि वर पत्र्याची पट्टी. प्लगच्या भोकातनं पाचटाची काडी आत सोडून चाक हळूहळू ढकललं, काडी सगळ्यात खाली गेली तिथं थांबलो. पिस्टन खाली असला की वरची हवा खालच्या पेटीत जायला वाट मोकळी असते. मग वॉल्व्हवाला प्लग बसवला आणि हातपंपाचे दोन-तीन हलके दट्टे. जोर काढायचा नाही, नाहीतर क्रँकची सीलं उलटतात.

इंजिन घमेल्यात बुडवता येत नाही, म्हणून आबांनी कपड्याच्या साबणाचा फेस केला आणि दाढीच्या ब्रशनं जोडाजोडाला लावत गेले. हेडला काही नाही. मॅग्नेटच्या बाजूच्या सीलला काही नाही. दोन केसिंगच्या मधल्या सांध्याला पण काही नाही. इनटेकची नळी सिलिंडरला जिथं बसते तिथं फेस लावला आणि खालच्या अंगाला एक बुडबुडा आला. हरभऱ्याएवढा झाला. फुटला. लगेच त्याच जागी दुसरा.

आबांनी ब्रश खाली ठेवला. "हितं पंक्चर हाय."

दोन नट काढून नळी मोकळी केली. कागदी पॅकिंग मधोमध तपकिरी पडलेलं, दोन्ही कडांना चेपून पार पातळ. कारखान्यात नेऊन नळीची फ्लँज, म्हणजे बोल्ट बसतात ती चपटी कड, एकदम सपाट सरफेस प्लेटवर निळा मार्किंग ब्लू लावून घासली. निळा रंग फक्त दोन बोल्टांच्या कानांना लागला. मधे, जिथनं सगळं मिश्रण जातं, तिथं कोरी. फ्लँजला बाक आला होता.

आणि तो कुणी आणला, तर मी. ह्या इंजिनाला थरथर एवढी, की नट सैल होतात. दर आठवड्याला मी पाना घेऊन बसायचो आणि प्रत्येक नटाला "अजून थोडंसं" म्हणत पाव आटा जास्त द्यायचो. सहा मिलिमीटरच्या स्टडला लांब दांड्याचा पाना. एखाद्या शिकाऊ पोरानं माझ्या लेथवर हे केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

काचेवर एमरी पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यात घासली, सगळीकडं सारखी चमक येईपर्यंत. अर्धा तास लागला. नवं पॅकिंग जाड शीटमधनं कात्रीनं कापलं. नट पहिल्यांदा हातानं, मग छोट्या पान्यानं आळीपाळीनं. परत फेस लावला, बुडबुडा नाही. सुईची क्लिप मूळच्या मधल्या खाचेत आणली.

रात्री अकराला लाइट आली. अर्ध्या थ्रॉटलला एकसारखा आवाज, बांध संपेपर्यंत एक झटका नाही. मोटर चालू करून परत येताना आबांच्या बंद दुकानासमोर उगीच एकदा रेस दिली.

पाना हातात आला की मला राहवत नाही, म्हणून आता लेकीचं लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक नटावरनं खालच्या भागापर्यंत एक रेघ ओढलीय. रेघ सरळ असेल त्या नटाला हात लावायचा नाही. काल बघितलं तर सायलेन्सरच्या एका नटाची रेघ थोडी मोडली होती. तेवढाच फिरवून जुळवली आणि पाना आईकडं देऊन टाकला.