पाटीशिवायचा रस्ता

इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या ईस्ट कर्कबीच्या विमान-संग्रहालयात आज गेलो ते लँकेस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान, बघायला. पण रमलो कॅन्टीनमधल्या शंभरी ओलांडलेल्या आजींपाशी. युद्धात त्या हवाई दलाच्या ड्रायव्हर. जर्मन उतरलेच तर वाट सापडू नये म्हणून 1940 मध्ये रस्त्यांवरच्या पाट्या काढलेल्या, त्यात ब्लॅकआउट! हेडलाइटला झाकण, उजेड फटीपुरता. जवळच्या कॉनिंग्सबीच्या हवाई तळावरून इकडे येताना वळणं पाठ, "चर्चनंतर डावीकडे, वास आला की डुकरांचा गोठा." आजींनी बोटानं टेबलावर सांडलेल्या चहात अख्खा रस्ता काढून दाखवला. गूगल मॅप्स असूनही मी सकाळी दोनदा चुकलो, हे काही त्यांना सांगितलं नाही.

बाहेर इंजिनं सुरू झाली. कप खुळखुळले. आजींनी फक्त बशी घट्ट धरली.