खाडीची वही कोणाकडे? वेंगुर्ल्याच्या कांदळवनातील एक फेरी

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कधी जायचे हे पाहुण्याने ठरवायचे नसते. ते भरती ठरवते. कुडाळला रेल्वेतून उतरून एसटीने वेंगुर्ल्यास पोहोचल्यावर मी फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ मागितली, तेव्हा पलीकडून उत्तर आले की उद्या चतुर्थी आहे, सातला होडी चिखलात बसेल, अकराच्या सुमारास या. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन. मुंबईला हे गणित बरेचसे जुळते, आणि दक्षिणेकडे भरती त्याआधी येत असल्यामुळे वेंगुर्ल्याला त्यातून थोडा वेळ वजा करावा लागतो. पंचांगावरून समुद्र वाचणाऱ्या या माणसांना आपण अनेकदा ‘अप्रशिक्षित’ म्हणतो, याची मला त्या फोनवरच थोडी गंमत वाटली.

मांडवी खाडीतील फेरी स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया चालवतात. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जैवविविधतेसाठी राज्य शासन आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी जो प्रकल्प हाती घेतला होता, त्याच्या साहाय्याने २०१७ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. होडीला इंजिन नाही; वल्ही या स्त्रियांच्याच हातात असतात. त्यामुळे आवाज नसतो, पाणी ढवळले जात नाही, आणि फांदीवर बसलेला खंड्या होडी अगदी जवळ येईपर्यंत उडत नाही. आमच्या होडीत ज्या ज्येष्ठ बाई होत्या त्यांना सगळे ‘काकी’ म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

भरती अर्ध्यावर असताना जाण्याचा लाभ असा की कांदळवनाची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवर, चिपी, कांदळ अशा झाडांची मुळे दिसतात आणि ती पाण्याखाली जातानाही पाहता येतात. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची शेकडो श्वसनमुळे आधी दिसली. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून हे झाड मुळे उलटी वर पाठवून हवा घेते. चिपीची श्वसनमुळे त्याहून जाड आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी असतात, तर कांदळ खोडापासूनच कमानी टाकून उभा राहतो. काकींनी तिवराचे पान तोडून चाटायला दिले. त्यावर खरोखर मीठ होते, कारण तिवर शोषलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाची रीत वेगळी आहे: तो बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो. पुढे कांदळाची लांब हिरवी शेंग दाखवून काकी म्हणाल्या, “ह्यां कांदळाचां झाड. शेंग पडली काय उबीच चिखलात रुतता, लावूक लागना नाय.” कांदळाचे बी फळातच, झाडावर लटकलेले असताना रुजते आणि खाली पडते ते रोपटे होऊनच. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी हे शिकले होते. पण ‘लावूक लागना नाय’, म्हणजे ते लावावे लागत नाही, या शब्दांतला अर्थ मला तेथे कोणी सांगितला नव्हता, आणि तो किती मोलाचा आहे हे पुढे येईल.

चिपीपाशी होडी थोडी जास्त वेळ थांबली. पांढरी चिपी, म्हणजे सोनेरेशिया आल्बा, हिला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तिची फुले संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळे आणि पतंग त्यांवर येतात, आणि सकाळपर्यंत पांढरे पुंकेसर गळून पाण्यावर तरंगू लागतात. दिवसा होडीतून जाणाऱ्या अभ्यासकाला यातले फारसे काही दिसत नाही. पहाटे जाळे लावायला जाणाऱ्या माणसाला मात्र पाण्यावरचे पुंकेसर पाहून चिपी फुलल्याचे कळते, आणि ते त्याला दरवर्षी कळते.

येथे मला जे सांगायचे आहे त्याचा मुद्दा आहे. कांदळवनाचे महत्त्व आता कोणी नाकारत नाही. मुळांच्या जाळीत कोळंबी, बोय, तांबोशी यांची पिल्ले मोठ्या माशांपासून वाचतात; लाटांचा जोर मुळांशी मोडतो आणि गाळ तेथेच बसतो; प्राणवायूविना असलेल्या चिखलात पाने आणि मुळे सावकाश कुजत असल्यामुळे या वनातील कार्बनचा मोठा भाग खोडात नव्हे तर जमिनीत साठून राहतो, म्हणूनच झाडे तोडून चिखल उघडा पाडला की शेकडो वर्षांची साठवण हवेत जाऊ लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि त्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांप्रमाणे महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०११ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये ३२४ झाले. आकडे समाधान देणारे आहेत. परंतु उपग्रह वरून पानांची हिरवाई पाहतो. त्या पानांखाली कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे आहेत की नाहीत, गोड्या पाण्याचा वहाळ अजून येतो की वर कोठे अडवला गेला आहे, हे त्याला दिसत नाही. ते पाहायला रोज खाडीत असणारा माणूस लागतो.

काकींना मी पाण्याविषयी विचारले. वहाळाच्या मुखाकडे वल्हे दाखवून त्या म्हणाल्या, “पावसात हयसर पाणी गोडां होता. मे म्हयन्यात तोंडात धरवना नाय.” क्षारतेचे मोजमाप यंत्राने करावेच लागते, जिभेने भागत नाही, परंतु यंत्र कोठे आणि कोणत्या महिन्यात बुडवायचे हे ठरवण्यासाठी या वाक्याइतका उपयुक्त सल्ला दुसरा नाही. बाहेरून आलेला गट बहुधा सुट्टीच्या आणि निधीच्या सोयीने येतो, म्हणजे डिसेंबरात, आणि डिसेंबरातली खाडी हीच खाडी असे समजून परत जातो.

लागवडीच्या बाबतीत ही चूक महाग पडते. फिलिपीन्समध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या लागवडीतील पुष्कळशी रोपे मेली, कारण समुद्राकडच्या खालच्या चिखलपट्टीत, जेथे निसर्गतः तिवर आणि चिपी येतात, तेथे हाताळायला सोपी म्हणून कांदळाची शेंग खोचली गेली. कोणते झाड किती वेळ पाण्याखाली तग धरते यावर खाडीतील जागावाटप ठरते. जेथे शेंग आपोआप रुतून वाढत नाही, तेथे काहीतरी अडचण आहे असे काकींचे ‘लावूक लागना नाय’ सांगते: पाण्याची वाट बंद असेल, पातळी चुकीची असेल, गुरे चरत असतील. आधी ती अडचण शोधावी, रोपवाटिका नंतर. लागवडीच्या समारंभात छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्यांनी हा प्रश्न गावातील कोणाला तरी एकदा विचारावा, असे मला फार वाटते.

आपल्याकडे लोकसहभागाचा विचार झालेला नाही असे नाही. राज्य शासनाची २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना गावपातळीवर सहव्यवस्थापन समित्या मानते, आणि खेकडापालन, कालवे व शिंपले यांची शेती, निसर्ग पर्यटन अशा गट प्रकल्पांना नव्वद टक्के खर्च देते. मांडवीतील होड्या हे त्याच विचाराचे भावंड आहे. ज्या वनातून घरात पैसा येतो त्याची राखण लोक करतात, हे तेथे दिसते. पण उपजीविकेत भागीदारी आणि अभ्यासात भागीदारी या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी अजून मागे आहे. अभ्यासात गावकऱ्याला सहसा होडी चालवायला, वाट दाखवायला आणि शेवटी प्रश्नावली भरायला बोलावतात. मोजमाप मात्र अवघड नसते. ठराविक चौकोनात झाडे मोजणे, खोडाचा घेर घेणे (कांदळाच्या बाबतीत तो सर्वांत वरच्या आधारमुळाच्या वर घेतात, एवढे शिकवावे लागते), बिळे मोजणे, फुलण्याची तारीख लिहिणे, यांपैकी कोणत्याही कामाला पदवी लागत नाही. केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गाझी उपसागरात २०१३ पासून गावकरी आणि तेथील सागरी संशोधन संस्था मिळून ११७ हेक्टर कांदळवन सांभाळतात आणि त्याच्या कार्बन पतगुणांचे (साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे) उत्पन्न गावाच्या पाण्यावर व शाळेवर खर्च होते.

परतताना पाणी चढून मुळे दिसेनाशी झाली होती. तुम्ही या सगळ्याच्या नोंदी लिहाल का, असे मी काकींना विचारले. वल्हे न थांबवता त्या म्हणाल्या, “लिवूक येता माका. पण ती वही मगे खंय ऱ्हवतली, तां सांगा, ताईनू.”

वही नंतर कोठे राहणार, हा प्रश्न नेमका होता, आणि त्याचे अर्धे उत्तर कायद्यात आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, मग ती ग्रामपंचायत असो वा वेंगुर्ल्यासारखी नगर परिषद, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि स्थानिक लोकांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. ही वही गावाची असते. उरलेले अर्धे उत्तर आपल्या सवयींत आहे: नोंदवही एकदा तयार करून कपाटात ठेवली की काम झाले असे समजले जाते, वास्तविक तिच्यात दर हंगामाला भर पडायला हवी. चिपी कधी फुलली, गोडे पाणी कधी आले, कुर्ल्या कोठे मिळाल्या, हे लिहिण्याचे मानधन होडी चालवणाऱ्या स्त्रियांना मिळायला हवे, आणि बाहेरच्या संशोधकाने ती वही वाचून मगच आपला प्रश्न ठरवायला हवा. त्याचे निष्कर्ष प्रथम मराठीत, मांडवीच्या धक्क्यावर वाचून दाखवले जावेत. चुका तेथेच निघतील.