होल्गा: कुठली फट बुजवायची, कुठली ठेवायची

सामान्य चिनी कुटुंबाला परवडावा म्हणून १९८२ साली हाँगकाँगमध्ये होल्गा हा फिल्मचा कॅमेरा निघाला. त्याला १२० चा रोल लागतो, म्हणजे मागे कागद लावून गुंडाळलेली रुंद फिल्म, आणि एका रोलवर सहसा बारा चौकोनी फोटो येतात. अंग प्लॅस्टिकचं, ६० मिलिमीटरची एकच लेन्स, तीही बहुतेक मॉडेलमध्ये प्लॅस्टिकची. शटरचा वेग एकच, साधारण १/१०० सेकंद. फोन सगळं काठोकाठ स्वच्छ टिपतो. होल्गाच्या चौकोनात मधला भाग तेवढा रेखीव येतो, कडांकडे चित्र विरघळतं आणि कोपरे काळवंडतात. या लेन्ससाठीच तो घ्यावा. बॉडीच्या फटींतून झिरपणाऱ्या प्रकाशाचंही अनेकांना कौतुक असतं, पण तो नशिबावर सोडला की बाराच्या बारा फोटो हातचे जातात. म्हणून आधी सगळं बुजवावं, मग हवी ती फट उघडी ठेवावी.

पाठीच्या झाकणापासून सुरुवात करा. ते दोन बाजूंच्या धातूच्या क्लिपांवर टिकून असतं आणि पट्टाही त्याच क्लिपांना अडकवलेला असतो. गळ्यात लटकवलं की वजनाने क्लिप वर सरकते आणि झाकण निसटतं. रोल भरल्यावर झाकणाच्या कडा आणि क्लिपा काळ्या टेपने बंद करा. इलेक्ट्रिशियनचा टेप आपल्याकडच्या उन्हात चिकट राळ सोडतो, कापडी टेप बरा. लेन्सच्या वरच्या बाजूला आतून बारीक छिद्रं दिसली तर तीही झाका. फोटोचा आकडा दिसणाऱ्या, पाठीवरच्या लाल खिडकीवर टेपची झडप लावा, कारण आजची फिल्म लाल प्रकाशालाही दाद देते. झडप सावलीतच उघडायची, रोल हळू फिरवायचा, आकडा मधोमध आला की लगेच बंद.

त्या खिडकीजवळचा बाण १२ वर आहे की १६ वर, म्हणजे रोलवर बारा फोटो की सोळा, हे रोल भरण्याआधी बघा. आत ६×६ सेंटिमीटरची, म्हणजे बारा फोटोंची चौकट आणि बाण १६ वर असेल तर प्रत्येक फोटो पुढच्यावर चढतो.

रोल सैल गुंडाळला जाणं हा सगळ्यात मोठा त्रास, कारण मग काठांकडून प्रकाश आत शिरतो. फिल्मच्याच खोक्याचा पुठ्ठा दुमडून भरलेल्या स्पूलखाली दाबून बसवा, ताण येतो. रोल काढतानाही सावलीतच काढा.

दोष कुठला ते निगेटिव्हच सांगते. झिरपलेला प्रकाश तिच्यावर काळा दिसतो. डाग दर फ्रेमला त्याच जागी असेल तर बॉडीची फट. फिल्मच्या काठाकडून आत शिरलेला असेल तर सैल रोल. फिल्ममागच्या कागदावरचे आकडे किंवा ठिपके उमटले असतील तर लाल खिडकी.

उन्हाची आणि ढगाची खूण असलेल्या कळीवर विसंबू नका. जुन्या होल्गात ती फिरवून काहीच बदलत नाही. कळ फिरवल्यावर आडवी येणाऱ्या पट्टीचं छिद्र लेन्सच्या मागच्या कायमच्या छिद्रापेक्षा मोठं आहे, म्हणून दोन्हीकडे उजेड येण्याच्या छिद्राचं माप साधारण एफ/१३ च मिळतं. म्हणून उजेडाचा हिशेब फिल्मने करायचा: भर दुपारी १०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते), ढगाळ दिवशी ४०० ची. निगेटिव्ह फिल्म दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्तीचा उजेड पचवते, स्लाइड फिल्म पचवत नाही. खालची एन (नेहमीचा शटर) आणि बी (दाबून धरेपर्यंत उघडा राहणारा शटर) कळ पिशवीत घासून बी वर सरकते आणि फोटो हलतो. एन वर आणून तिच्यावर टेप मारा. व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे लेन्सचं झाकण लावलेलंच राहिलं तरी कळत नाही.

शटर आणि रोल फिरवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. विसरलात तर एकावर एक फोटो. मुद्दाम केलंत तर झाडात चेहरा, आणि तोही फिल्मवरच.

लॅबला रोल न कापता द्यायला सांगा. होल्गात फ्रेममधलं अंतर कमीजास्त होतं आणि ठरल्या मापाने कापलं तर कात्री फोटोतून जाते.

होल्गा विकत घेण्याआधी घरातलं कपाट मात्र जरूर बघा. वडोदऱ्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री अनेक मराठी घरांत अजून पडून असतो. त्यालाही १२० चाच रोल लागतो, तोही १२ चौकोनी फोटो देतो, आणि त्याचं झाकण असं गळून पडत नाही.