स्थलांतराचे फोटो: कळपाच्या आधी वाट

स्थलांतर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात हजारोंचे कळप, धुळीचे लोट आणि नदीत घेतलेल्या उड्या. पण कळपाच्या मागे गाडी घालून असा फोटो क्वचितच मिळतो. मागून जाणाऱ्याला पाठी तेवढ्या दिसतात. कळप जिथून जाणारच आहे तिथे आधी जाऊन बसणाऱ्याला फोटो मिळतो. म्हणून या कामाचा मोठा भाग प्राणी येण्याआधीच उरकतो, आणि तो म्हणजे वाट वाचणं.

प्राणी शेकडो किलोमीटर चालतात तेव्हा बहुतेक अंतरावर ते विखुरलेले असतात. पण नदीचा उतार, दोन डोंगरांमधली खिंड, कुंपणातली फट किंवा रस्त्याखालचा बोगदा आला की सगळ्यांना एका ओळीत यावंच लागतं. अमेरिकेत वायोमिंगमधलं ट्रॅपर्स पॉइंट हे याचं चोख उदाहरण. ग्रीन आणि न्यू फोर्क या दोन नद्यांमधली जेमतेम दीडेक किलोमीटर रुंदीची ही पट्टी. प्राँगहॉर्न (हरणासारखा दिसणारा, तिथल्या माळांवरचा प्राणी) इथूनच जातात, आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी माणसं त्यांची शिकार करायला इथेच दबा धरत, असं उत्खननात मिळालेल्या हाडांवरून कळतं. याच पट्टीतून पुढे महामार्ग गेला. २०१२ पर्यंत तिथे प्राण्यांसाठी ६ भुयारी मार्ग आणि २ पूल तयार झाले. फोटो काढणाऱ्याने इथली एक गोष्ट लक्षात ठेवावी: प्राँगहॉर्नला उघडं आकाश लागतं, त्यामुळे तो पूल निवडतो. म्यूल डिअर हे तिथलं हरीण मात्र भुयारातून निवांत जातं. म्हणजे कोणता प्राणी हवा यावर कॅमेरा वर लावायचा की खाली, हे ठरतं.

जागा नकाशावर ठरली तरी नेमकी हातभर रुंदीची वाट जमिनीवरच सापडते. लेंड्या किती ताज्या आहेत, गवत कोणत्या बाजूला झोपलं आहे, चिखलातल्या खुरांची टोकं कुठे वळली आहेत, हे वाकून पाहावं लागतं. काटेरी कुंपण असेल तर सर्वांत खालची तार बोटाने चाचपत चालावं. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटतो. त्याचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, ते काट्यांना झुपक्यांनी अडकून राहतात. सलग दोनतीन काट्यांवर तपकिरी-पांढरे झुपके आणि त्याच्या बरोबर खाली माती खरवडून झालेली उथळ खळगी दिसली की शोध संपला. खालची तार जमिनीपासून ४० सेंटीमीटरच्या वर आणि बिनकाट्याची असेल तर जनावर अंग न ओरबाडता जातं, पण मग खुणाही कमी मिळतात. तिथे फक्त माती वाचायची.

वेळेचा हिशोब प्रत्येक स्थलांतराचा निराळा. म्यूल डिअर वसंतात बर्फ वितळत जाईल तसं कोवळ्या गवताच्या मागोमाग वर सरकतं. म्हणून तारखेपेक्षा त्या वर्षीचा बर्फ पाहावा. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या लाल खेकड्यांचा हिशोब तर पंचांगासारखा आहे. पहिल्या पावसानंतर ते निघतात, आणि माद्या अंडी समुद्रात सोडतात ती कृष्णपक्षातल्या अर्ध्या चंद्राच्या सुमारास, पहाटेच्या आधी, भरती ओसरू लागताना. पाऊस कधी पडला आणि चंद्र कुठे आहे एवढं कळलं की किनाऱ्यावर कोणत्या पहाटे हजर राहायचं ते निघतं.

आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की सेन्सरच्या इशाऱ्यावर आपोआप फोटो काढणारी मांडणी. अरुंद वाटेवर माणूस बसून राहिला तर प्राणी वाट बदलतो, त्यामुळे इथे याला पर्याय नाही. साधा ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधायचा, स्वतःच फोटो काढणारा छोटा कॅमेरा) आधी दोन आठवडे लावून वर्दळ, वेळा आणि दिशा समजून घ्याव्यात, मग मोठा कॅमेरा आणावा. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) या कामाला नव्या, बिनआरशाच्या मिररलेसपेक्षा उजवा ठरतो, असं माझं ठाम मत आहे. तो आठवडेच्या आठवडे झोपून राहतो आणि इशारा मिळताच लगेच उठतो. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांना झोपेतून उठायला सेकंदभर लागतो, तेवढ्यात चौकटीत फक्त शेपूट उरते.

लेन्स रुंद कोनाची घ्यावी, कारण आपल्याला प्राण्याइतकीच जागाही दाखवायची आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि एफ/८ अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ठेवून फोकस २.४ मीटरवर लावला की १.२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २० मिमीला हाच फोकस साधारण १.७ मीटरवर लावायचा. फोकस मॅन्युअल करून रिंगवर चिकटपट्टी मारावी. लेन्सचं स्टॅबिलायझेशन आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करावं. कॅमेरा जमिनीपासून ४० ते ६० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे हरणाच्या छातीच्या खालीच, ठेवला की खुरं, वाट आणि मागचे डोंगर तिन्ही एका चौकटीत येतात.

सेन्सर दोन प्रकारचे. पीआयआर सेन्सर हलणाऱ्या उष्णतेतला फरक ओळखतो. प्राणी त्याच्यासमोरून आडवा गेला तर तो पटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. दुपारी जमीन प्राण्याच्या अंगाइतकी तापली की तो आंधळा होतो, आणि तापलेलं गवत वाऱ्याने हललं की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. म्हणून त्याचं तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको, आणि समोरचं गवत कात्रीने कापायला हवं. दुसरा प्रकार किरणाचा: वाटेच्या एका बाजूला प्रक्षेपक, दुसऱ्या बाजूला ग्राहक. किरण तुटला की शटर उडतं. जागा नेमकी पकडायला हा उत्तम, पण पान, बर्फ आणि मुसळधार पाऊसही किरण तोडतात.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते सेन्सर चौकटीच्या मध्यावर रोखल्यामुळे. चालणारं हरीण सेकंदाला एक-सव्वा मीटर जातं. सेन्सर, केबल आणि शटर यांनी मिळून अर्धा सेकंद घेतला तर प्राणी अर्धा मीटरभर पुढे गेलेला असतो. किरण तेवढाच आधी ठेवावा. एरवी जंगलातल्या पायवाटेवर प्राणी दोन्हीकडून येतात म्हणून मध्यावर रोखण्याची तडजोड करावी लागते, पण स्थलांतरात एका हंगामात जवळजवळ सगळी वर्दळ एकाच दिशेने असते. हा फायदा पुरता घ्या: प्राणी जिकडे निघाला आहे तिकडची चौकट मोकळी सोडा, आणि परतीच्या हंगामात सगळी मांडणी उलटी करा. शेवटी स्वतः चार पायांवर रांगत त्या वाटेने दहादा जाऊन फोटो तपासा.

रात्रीसाठी दोन किंवा तीन फ्लॅश लागतात, आणि त्यातला एकही कॅमेऱ्याला खेटून नको. लेन्सशेजारच्या फ्लॅशने पावसाचे थेंब आणि धूळ पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकते, प्राण्याचे डोळेही. मुख्य फ्लॅश बाजूला दीड-दोन मीटर उंचीवर, दुसरा समोरच्या अंगाने एक स्टॉप कमी (म्हणजे निम्म्या प्रकाशाचा), तिसरा मागून केसांची कड उजळण्यापुरता. ताकद मॅन्युअलवर १/८ किंवा १/१६: ताकद कमी तितका फ्लॅशचा झोत क्षणभंगुर, आणि पळणारा पाय गोठून येतो. निकॉनचा जुना एसबी-२८ अजूनही शोधून घेतला जातो, कारण तो झोपेत बॅटरी फार थोडी खातो आणि लगेच जागा होतो.

कॅमेऱ्यावर शटर १/२०० सेकंद, एफ/८, आयएसओ ४०० हे रात्रीला छान चालतं. भर उन्हात मात्र हेच सेटिंग तीन स्टॉपनी उजळतं. दिवसासाठी फ्लॅश बंद, १/५००, एफ/८ आणि आयएसओ ऑटो. एकाच मांडणीत दोन्ही पकडायचा मोह आवरावा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर सोडलं, म्हणजे शटर कॅमेऱ्यालाच ठरवू दिलं, तर संधिप्रकाशात शटर लांबतं आणि फ्लॅशने गोठलेल्या प्राण्याभोवती त्याचीच धूसर सावली उमटते.

कळप आला की आणखी एक अडचण येते. ६४ जीबीच्या कार्डावर २५ एमबीच्या सुमारे अडीच हजार रॉ फाइल मावतात, आणि मोठा कळप त्या एका सकाळीत संपवतो. तीन फोटो, मग अर्धा ते एक मिनिट विश्रांती, असं लावलं की फ्लॅशही तापत नाही. थंडीत लिथियम बॅटऱ्याच वापराव्यात. पेटीत सिलिका जेल टाकावं आणि दर भेटीत बदलावं. काचेवर कोळी जाळं विणतो, केबल उंदीर कुरतडतात, म्हणून केबल पाइपमधून न्यावी. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने काहीही हाताळू नये, वास राहतो आणि त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिक विरघळवतं.

एक पथ्य मी सर्वांत वर ठेवीन. मांडणीपासून दहा मीटर मागे अदृश्य इन्फ्रारेडचा ट्रेल कॅमेरा व्हिडिओवर लावा, रोख आपल्याच ट्रॅपवर. फ्लॅश उडाल्यावर प्राणी दचकून पुढे गेला की मागे फिरला, हे त्यात दिसतं. अरुंद जागेवर पहिली मादी मागे फिरली तर तिच्यामागचा सगळा कळप थांबतो. तसं एकदा जरी दिसलं तर फ्लॅश काढून टाकावेत आणि फक्त दिवसाचे फोटो घ्यावेत.

पूर्व आफ्रिकेतल्या मारा नदीवर हेच गाड्यांच्या बाबतीत होतं. विल्डबीस्ट (बैलासारखे दिसणारे मोठे कुरंग) काठावर येतात, तासन्‌तास घुटमळतात, आणि उताराच्या तोंडाशी गाडी आली की परत वळतात. नाहीतर मग अवघड, उभ्या काठावरून उड्या मारतात. गाडी उतारापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि पहिला प्राणी पाण्यात पडेपर्यंत इंजिन बंद. उडणाऱ्या पाण्यासाठी १/१६०० च्या वर शटर, धुळीतून उन्हाविरुद्ध काढताना एक्स्पोजर एक स्टॉप कमी, आणि पळणाऱ्या रांगेचा वेग दाखवायचा तर १/३० ने कॅमेरा सोबत फिरवत. अमेरिकेत नेब्रास्कातल्या प्लॅट नदीच्या उथळ वाळूच्या बेटांवर मार्चमध्ये लाखो सँडहिल क्रौंच रात्र काढतात. तिथे आडोशात अंधार पडण्याआधी शिरायचं आणि पक्षी उडून गेल्यावरच निघायचं. फ्लॅश नाही, ऑटोफोकसचा लाल दिवाही नाही, शटर मूक.

आणि कळप गेल्यावर लगेच सामान आवरू नये. माराच्या पात्रात दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं आहे. मारबू करकोचे, गिधाडं, मगरी त्यावर जगतात, मासे खातात, आणि हाडं विरघळायला सात वर्षं लागतात. त्या जागेचा हा फोटो जवळपास कोणी घेत नाही. त्यासाठी पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर) लावा, सूर्य डोक्यावर येण्याआधी काठावरून खाली रोखा, आणि शांत पाण्याखालच्या बरगड्यांवर मॅन्युअल फोकस करा. फोटो कुठेही टाकण्याआधी फाइलमधले जीपीएसचे आकडे पुसा: जी चिंचोळी जागा आपल्याला सापडली ती शिकाऱ्यालाही तेवढीच उपयोगी आहे.