तारीखच ठरत नाहीये!

शिडाच्या बोटीने अटलांटिक पार करायचाय, म्हणून आज अख्खा दिवस पायलट चार्ट (महिन्यानुसार वारे आणि प्रवाह दाखवणारे समुद्री नकाशे) उघडून बसलो होतो, कॅनरी बेटं ते कॅरिबियन, साधारण 2700 सागरी मैल, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळ बोटीवर नाही तर तारखेवरच गेला. अटलांटिकचा हरिकेन सीझन अधिकृतपणे 30 नोव्हेंबरला संपतो, पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे नीट स्थिरावतात ते डिसेंबर-जानेवारीत, मग घाई कशाला करायची? आणि सरळ पश्चिमेला निघायचं नाहीच, आधी दक्षिणेच्या केप व्हर्दे बेटांच्या दिशेने खाली उतरायचं, वारा पाठीशी लागला की मग उजवीकडे वळायचं. रस्ता लांबतो पण वारा मिळतो (कोलंबससुद्धा 1492 मध्ये आधी कॅनरीपर्यंत खाली आला होता, उगाच नाही).

5 नॉट (ताशी 5 सागरी मैल) सरासरी धरली तर दिवसाला 120 मैल, म्हणजे तीन आठवडे आणि वर थोडं. पाणी माणशी रोज 3-4 लिटर. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असला तरी टाकीत पूर्ण प्रवासाचं पाणी हवंच, यावर मी ऐकणार नाही कुणाचं.

लोक सोलर न् सॅटेलाइट इंटरनेटवर तासनतास बोलतात, पण मागून वारा असताना बोट दिवसरात्र डोलत राहते आणि दोर एकाच जागी घासून घासून तुटतात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोज सकाळी डेकवर फेरी मारायची, दोर जरासा सरकवायचा, बास.

तिघं असलो तर 3 तास पहारा, 6 तास सुट्टी. चौथा घ्यायचा का यावर अजून वाद चालूय, झोप वाढेल पण पाणीही वाढेल ना!