अस्वलाचा बोर्ड : केस कोरायचं काम चालू

मोहर्ली रोडवरच्या एका होमस्टेसाठी सिमेंटच्या अस्वलाचा पुतळा अन् त्यावर नाव असा बोर्ड करून राहिलो, काम कुठवर आलं ते सांगतो. ताडोबाकडं ज्याला त्याला वाघच पाहिजे असते, पण ह्या मालकानं स्वतःहून अस्वल सांगितलं, मला लय बरं वाटलं.

8 एमएम सळईचा सांगाडा, वर कोंबडी जाळीचे दोन थर, त्यात 1 ला 3 चा माल (1 भाग सिमेंट, 3 भाग वाळू) भरून झाला. आता वरचा थर अन् केस, खरी मजा इथंच आहे. ह्या थराला वाळू बारीक चाळून 1 ला 2 घेतो, सिमेंट पीपीसीच (पोझोलाना सिमेंट), त्यात राख असते म्हणून माल हाताला मऊ लागते अन् जरा उशिरा आवळते, आपल्या चंद्रपूरच्या उन्हात तेवढाच वेळ कामाचा. माल लावला की अंगठा दाबून पाहायचा, ठसा पडला पाहिजे पण बोटाला काही चिकटलं नाही पाहिजे, मंग लगेच चाकूनं मोठे झुपके पाडायचे अन् त्यावरून हेक्सॉ ब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) तुकडा ओढायचा. घाई केली तर रेघ बुजते, उशीर झाला तर कडा भुरभुर झडतात. म्हणून पहाटे एक खांदा नाहीतर एक पाय, एवढंच घेतो, ऊन चढायच्या आत ओला बारदाना झाकून टाकतो. तराई, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, 7 दिवस, बारदाना सुकू द्यायचाच नाही.

मानेभोवतीचे केस लांब अन् विस्कटलेले पाहिजेत, थूथनावर, म्हणजे नाकातोंडाच्या पुढच्या भागावर, आखूड, फिकट. छातीवर पांढुरका इंग्रजी व्ही. पुढची नखं लांब ठेवली, वारूळ फोडायचं हत्यारच आहे ते. तोंड उघडं केलं तर वरचे मधले दोन दात दाखवायचे नाहीत, अस्वलाला ते नसतातच, तिथून ते वाळवी ओढून घेते. बहुतेक पुतळ्यांत पूर्ण बत्तिशी दिसते, मला ते खटकते.

होमस्टेचं नाव 3 एमएम पत्र्यात कापून आणलं. मराठी अक्षरांचं सुख म्हणजे शिरोरेघेमुळं अख्खा शब्द एका तुकड्यात निघते, फक्त अनुस्वार वेगळा वेल्ड करावा लागला.

रंग 28 दिवसांनंतरच, कच्च्या सिमेंटचा खार रंग खाते. डोळ्यांचं अजून ठरलं नाही, काचेची गोटी बसवू का रंगवूनच घेऊ? उन्हापावसात बाहेर राहणाऱ्या कामात कोणी गोटी बसवली असेल तर कशानं चिकटवली ते सांगा भाऊ.